मॅटर्निटी लीव्हवर गेलेल्या ताईंचा बोनस कापायचा का?

दिवाळी जवळ आली की छोट्या युनिटवाल्यांचा एक प्रश्न हमखास येतो. "सर, आमच्या पॅकिंगच्या ताई सहा महिने बाळंतपणाच्या रजेवर होत्या. मग बोनस अर्धाच द्यायचा ना?"

नाही. पूर्ण द्यायचा.

१९६५ च्या बोनस कायद्यातलं कलम १४ बघा. पगारी मॅटर्निटी लीव्हचे दिवस हे कामावर हजर असल्याचे दिवस धरायचे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. नोव्हेंबर २०२५ पासून वेज कोड लागू झाला, त्यातही हाच नियम आहे. म्हणजे हजेरीपटावर गैरहजर दिसलं, तरी बोनसच्या शीटमध्ये त्या हजरच.

आकड्यात बघू, म्हणजे डोक्यात बसेल. समजा बोनससाठी धरायचा पगार महिना १२,००० आहे. वर्षाचे झाले १,४४,०००. किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे साधारण ११,९९५ रुपये. अकाउंटंटने फक्त "काम केलेले" सहा महिने धरले तर येतात ५,९९८. ताईंचे सहा हजार गेले! आणि तेही घरात तान्हं बाळ असताना. एक्सेलमध्ये हजेरीवरून फॉर्म्युला लावलेला असतो, तिथेच ही गडबड होते. तो कॉलम आजच तपासा.

अजून एक. रजा जानेवारीत सुरू होऊन जुलैपर्यंत गेली, तर ती दोन आर्थिक वर्षांत विभागते. ३१ मार्चपर्यंतचे दिवस एका वर्षात, पुढचे दुसऱ्या वर्षात. दोन्हीकडे हजरच धरायचे.

आता कायदा तुम्हाला लागू आहे का? इथे बरेच जण गोंधळतात, कारण आकडे वेगवेगळे आहेत. दुकान किंवा ऑफिसात १० माणसं झाली की मॅटर्निटी बेनिफिट लागू होतो, बोनस मात्र साधारणपणे २० माणसांवर. त्यामुळे १२ जणांच्या ऑफिसात रजा द्यावीच लागेल, बोनस कायद्याने सक्तीचा नसेल. युनिट नवीन असेल तर पहिली पाच वर्षं ज्या वर्षी नफा झाला त्याच वर्षीचा बोनस लागतो, ही सवलतही लक्षात ठेवा.

रजा २६ आठवडे, त्यातले प्रसूतीआधी जास्तीत जास्त ८. आधीची दोन किंवा जास्त मुलं हयात असतील तर १२ आठवडे. अट एकच, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. "एवढा पगार मी कुठून देऊ?" असं म्हणणाऱ्यांनी ईएसआय बघा. पगार २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआय लागू असेल, तर त्या काळाचे पैसे ईएसआयसी देते, तुमच्या गल्ल्यातून जात नाहीत. तेव्हाही बोनसच्या हिशोबात ते दिवस हजर धरा, असंच मी सांगतो. चार पैशांसाठी वाद कशाला?

मेडिकल बोनस ही वेगळीच भानगड. नाव बोनस असलं तरी दिवाळीशी संबंध नाही. प्रसूतीआधीची आणि नंतरची देखभाल तुम्ही मोफत पुरवली नसेल, तर ३,५०० रुपये द्यायचे. हे देऊन "बोनस दिला" म्हणू नका.

सेल्स इन्सेंटिव्ह मात्र या कायद्यात येत नाही, ते तुमच्या ऑफर लेटरवर चालतं. माझं मत, रजेच्या महिन्यांचं टार्गेट वजा करा आणि उरलेल्या महिन्यांवर हिशोब लावा. सहा महिन्यांत बारा महिन्यांचं टार्गेट कोण पूर्ण करणार? पण त्या रजेवर असताना स्कीमच बदलून त्यांचं नुकसान करणं, किंवा कामावरून काढणं, हे बेकायदेशीर आहे. "तुमच्या जागी दुसरी घेतली" असा व्हॉट्सॲप मेसेज तर चुकूनही टाकू नका, तोच पुढे पुरावा होतो.

नवीन मुलगी कामावर घेताना या सगळ्या हक्कांची माहिती लेखी द्यायची असते. अपॉइंटमेंट लेटरमध्ये एक परिच्छेद टाकला की काम झालं. सही घ्या, एक कॉपी त्यांना द्या, एक फाइलला लावा.