तेच ते लिही

खर्डा, ता. जामखेड

चि. ताईस,



तुझे पाचही लेख वाचले. पहिले दोन सभेतल्या भाषणासारखे झालेत. पितृसत्ता, शोषण, व्यवस्था हे शब्द इतक्यांदा आलेत की वाचता वाचता चहा गार होतो. तिसऱ्यापासून तू तुझ्या आवाजात बोलायला लागलीस. चौथ्यात वहिनी करपलेली भाकरी न बोलता स्वतःच्या ताटात ओढून घेते, ते एक वाक्य आहे. त्या वाक्यासाठी मी तो कागद कापून ठेवलाय.

आणि आता तू म्हणतेस सदर बंद करते. कारण काय, तर नवीन काही सापडत नाही. भांडी, स्वयंपाक, संध्याकाळी सातच्या आत घरात, तेच ते किती लिहायचं? अगं, रोज घडतं म्हणून तर ते तेच ते आहे. बाईच्या जगण्यातलं नवीन शोधायला बसलीस तर तुला फक्त खून, हुंडाबळी आणि पहिली महिला अमुक-तमुक एवढंच सापडेल. ते लिहायला बातमीदार आहेत. तू त्या दोन टोकांच्या मधलं लिही. बहुतेक आयुष्य तिथंच जातं.

आपल्या गावाचंच बघ. खर्डा म्हटलं की शाळेतल्या पोरांनाही ११ मार्च १७९५ ठाऊक असतं. पेशव्यांनी निजामाला हरवलं, निजाम किल्ल्यात शिरला, तह झाला. त्या लढाईच्या गोष्टीत बाई कुठं येते? निजामाबरोबर जनानखाना होता, तोफा धडधडल्यावर बेगम घाबरली, तिनं हट्ट धरला म्हणून निजाम मागं सरला, असं इतिहासवाले सांगतात. खरं-खोटं त्यांचं त्यांना माहीत. हरलेल्याला कारण लागतं आणि बायको हे नेहमीच हाताशी असलेलं कारण असतं. पण एवढ्या फौजा या शिवारात उतरल्या तेव्हा इथल्या बायकांनी पाणी कुठून आणलं, धान्य कुठं लपवलं, पोरी कुणाकडे धाडल्या, याची एक ओळसुद्धा माझ्या वाचनात आलेली नाही. त्यांच्यात लिहिणारं कुणी नव्हतं आणि लिहिणाऱ्यांना ते लिहिण्यासारखं वाटलं नाही. किल्ल्याची डागडुजी होईल, पण ती ओळ आता कुणी परत आणू शकत नाही.

तू ताराबाई शिंद्यांवर कॉलेजात बोललीस म्हणे. बक्षीसही मिळालं. छान. पण त्या गोष्टीचा उत्तरार्ध तू गाळलास असं वहिनी म्हणाली. बुलढाण्याच्या या बाईनं १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्यात छापून घेतली, पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. निमित्त सुरतेच्या एका विधवेच्या खटल्याचं. गर्भ राहिला, मूल मारलं म्हणून तिला फाशीची शिक्षा झाली, पुढं ती कमी झाली, आणि वर्तमानपत्रांतून सगळ्याच बायकांच्या चारित्र्यावर ताशेरे सुरू झाले. ताराबाई भडकल्या आणि एका दमात लिहून मोकळ्या झाल्या. जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली, बाकीच्यांनी टिंगल केली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापेपर्यंत लोक त्यांना जवळजवळ विसरून गेले होते. त्या का थांबल्या हे कोण सांगणार? मला मात्र वाटतं, एका बाईनं एकटीनं एकदाच ओरडून सांगितलं की लोक तिला विक्षिप्त ठरवून मोकळे होतात. तीच बाई दर पंधरा दिवसांनी साध्या आवाजात सांगत राहिली, तर तिचं काय करायचं ते त्यांना कळत नाही.

मला विचारशील तर तुझ्या टेबलावर फोटो ठेवायचा तो फलटणच्या बेबी कांबळ्यांचा ठेव. किराणा मालाचं लहानसं दुकान. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतूनच वाचायची सवय लागलेली. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या लिहीत आणि लिहिलेलं नवऱ्यापासून, मुलापासून लपवून ठेवत. वीसेक वर्षं हे चाललं! मॅक्सीन बर्नसन बाईंना त्याचा पत्ता लागला, त्यांनी पुढाकार घेतला, मग ते ‘स्त्री’ मासिकात क्रमशः आलं आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. त्यात महारवाड्यातली बाळंतपणं आहेत, भूक आहे, सासूनं सुनेचा केलेला छळ आहे. सासूलाही त्यांनी सोडलं नाही, हे लक्षात घे. आपल्या बाजूची माणसं तेवढी सोज्वळ आणि दुष्ट ते सगळे पलीकडचे, असं लिहिणं फार सोपं असतं. तुझ्या पाचव्या लेखात ते थोडं झालंय. आजीनं तुझ्या आईला पाच दिवस बाहेर बसवलं ते तू लिहिलंस, पण दोष सगळा आजोबांच्या माथी मारलास. आजोबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

आता कसं लिहायचं, ते सांगते. पस्तीस वर्षं निबंधाच्या वह्या तपासल्यात, तेवढा अधिकार आहे.

एक लहान वही पर्समध्ये ठेव. मोबाईलमध्ये टिपलेलं तू पुन्हा उघडत नाहीस, मला माहिती आहे. वहीत मत लिहू नकोस, दिसलेलं लिही. मत नंतर आपोआप येतं. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं. त्यावर चावडीत, हॉटेलात पुष्कळ चर्चा झाली: गाड्या भरतात, महामंडळ बुडेल, बायका उगाच हिंडतात. मी तेव्हा जामखेडहून येताना एका बाईच्या शेजारी बसले होते. तिनं तिकीट काढलं, कंडक्टरनं दिलेले सुटे पैसे मोजले, काही पाकिटात टाकले आणि काही पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवले. मी बघतेय हे बघून हसली. म्हणाली, “घरी अजून पुरंच तिकीट सांगती. निम्मे माझे.” बाईच्या हातात स्वतःचा पैसा असणं म्हणजे काय, यावर तू पानभर लिहिलंस तरी त्या गाठीएवढं ते पटणार नाही. ती कोण, कुठल्या वस्तीवरची, हे मात्र मी तुलाही सांगणार नाही. सांगितलं तर तिची गाठ सुटेल.

लिहिणारीला हे पथ्य पाळावंच लागतं. दुसरीचं दुःख आपलं लेखनसाहित्य नव्हे. विचारून लिही, विचारता येत नसेल तर ओळख पुसून लिही, तेही जमत नसेल तर सोडून दे, आभाळ कोसळत नाही. तुझ्या पप्पांचा मला फोन आला होता, घरातलं पेपरात कशाला म्हणून. मी त्यांना म्हटलं, भाकरी कुणाच्या ताटातली होती? वहिनीच्या. मग तक्रार वहिनीनं करायची. तिनं केली तर ताईनं ते वाक्य काढायचं, तू केलीस तर काढायचं नाही. त्यावर त्यांनी पाऊसपाण्याचं विचारून फोन ठेवला.

तुझ्या लेखांत शेतातली बाई अजून आलेली नाही, म्हणून सांगते. आपल्या भागातून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याच्या हिशेबानं. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटं माणूस असेल तर अर्धा कोयता. मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या, पहाटे उठून कोपीवर भाकऱ्या थापायच्या, अंगावरचं पोर उसाच्या पाचटात निजवायचं, हे सगळं बाई करते. उचल मात्र बहुधा गड्याच्या हातात पडते. हिशेबात ती अर्धी असते आणि हातात तेवढंही येत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात या बायकांच्या गर्भाच्या पिशव्या काढल्या जातात, तेही कोवळ्या वयात, हे २०१९ साली विधिमंडळात गाजलं, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाळी आली, अंग दुखलं म्हणून खाडा झाला तर दंड कापतात, म्हणून पिशवीच नको, असा तो हिशेब. तुझ्या वसतिगृहात पाळीच्या रजेवर चर्चासत्र झालं ना? ते जरूर व्हावं. पण त्या चर्चेत ही बाई नसेल तर चर्चा अपुरी राहिली असं समज.

लोक नावं ठेवतील. ‘हिला कुणी करून घेणार नाही’ हे तुझ्याबाबतीत एका नातेवाइकानं म्हणून झालंय. उत्तर देत बसू नकोस, पुढचा लेख दे. आणि उलट, कौतुक करणाऱ्यांपासूनही जरा जपून. ‘वाघीण’, ‘रणरागिणी’ म्हणणारे लोक तुला वर्षातून एकदा ८ मार्चला बोलावतात, शाल-श्रीफळ देतात, आणि स्टेजवर चहा बायकांनाच आणायला लावतात.

धीर सुटला तर जामखेडला आरोळ्यांच्या प्रकल्पात जाऊन ये. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर जोडप्यानं १९७० साली तो सुरू केला. गावोगावच्या, बहुतेक अडाणी, कित्येक दलित वस्तीतल्या बायका त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. त्या बाया नेमानं जामखेडला शिकायला यायच्या, आपल्या गावात कोण गरोदर, कुणाचं लेकरू अंग धरत नाही, हे सांगायच्या आणि परत जाऊन तेच काम पुन्हा करायच्या. भाषण नाही, मोर्चा नाही. पण ज्या बाईला पाटलाच्या वाड्यात पायरीवर उभं करत नव्हते, तिला वाड्यातल्या बाळंतपणाला माजघरात बोलवावं लागलं. १९७९ साली दोघा डॉक्टरांना मॅगसेसे मिळालं तेव्हा सगळ्या देशाला जामखेड कळलं. त्याआधी नऊ वर्षं नुसतं तेच ते चाललं होतं.

सहावा विषय मीच देते. आपल्या तालुक्यात चौंडी आहे, अहिल्यादेवींचं जन्मगाव. आता अख्ख्या जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं, चांगलंच झालं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या पोरांच्या नावात आईचंही नाव लागतं, तेही चांगलं. आता जिल्ह्याच्या नावावरून खाली सातबाऱ्यावर ये आणि तिथं बायकांची नावं मोज. महाराष्ट्रात १९९४ साली वडिलोपार्जित जमिनीत मुलींना हक्क मिळाला, २००५ साली तो देशभर झाला. त्याआधी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत नवऱ्यांकडून बायकांच्या नावे जमीन करून घ्यायला सुरुवात केली होती. कायदा आला, आणि पाठोपाठ घरोघरी हक्कसोडपत्र आलं. भाऊ बहिणीला गाडी करून तालुक्याला नेतो, सही होते, हॉटेलात मिसळ खायला घालतो, साडी घेतो आणि संध्याकाळी घरी सोडतो. सही न करणाऱ्या बहिणीचं माहेर तुटतं. कागदावर हे सगळं ‘राजीखुशीनं’ असतं.

तुझ्या पप्पांच्या नावावर जी जमीन आहे, तिच्या हक्कसोडपत्रावर माझी सही आहे. कुणी जबरदस्ती केली नाही. कुणी विचारलंही नाही. सकाळी नऊला गाडी येईल एवढं सांगितलं होतं. साडी हिरवी होती, काठ चांगले होते, अजून कपाटात आहे. मला नोकरी होती, पेन्शन आहे, त्या जमिनीवाचून माझं अडलं नाही; पण नोकरी नसलेल्या माझ्या मैत्रिणीचं अडलं, आणि ती आज भावाच्या ओसरीवर राहते. मला जमीन परत नकोय. हे लिहिलेलं मात्र हवंय. माझ्याबद्दल लिही, माझी परवानगी आहे. मैत्रिणीबद्दल तिला विचारून सांगते, तोवर तिला हात लावू नकोस.

कागदाची नक्कल माझ्याकडे आहे, येशील तेव्हा बघ. पप्पांना मी आधी सांगून ठेवते, ते तुझं काम नाही. लेखात आत्याचं नाव घालायचं तर घाल, गट नंबर तेवढा टाकू नकोस.

तुझी,
आत्या