हजार मैलांचा हिशेब

मध्यंतरी आमच्या महाविद्यालयातील तीन विद्यार्थी एक बेत घेऊन माझ्याकडे आले. दिवाळीच्या सुट्टीत मोटारसायकलवरून पुण्याहून बंगळूरला जायचे आणि चोवीस तासांच्या आत परत यायचे! जाऊन-येऊन अंतर सुमारे १६८० किलोमीटर. "सर, गाडी किती वेगाने न्यावी लागेल?" मी म्हटले, "भागाकार करा." एकाने तोंडीच उत्तर दिले, "ताशी सत्तर किलोमीटर. म्हणजे काहीच नाही!"

भागाकार बरोबर होता, निष्कर्ष मात्र चुकला होता. तो कसा, हे पाहण्याआधी या छंदाची थोडी ओळख करून घेऊ.

लोखंडी बैठकीची रॅली

अमेरिकेत १९८४ साली 'आयर्न बट रॅली' नावाची मोटारसायकल रॅली प्रथम भरली. नावाचा अर्थ सरळ आहे : लोखंडी बूड! अकरा दिवसांत सुमारे ११,००० मैल, म्हणजे १७,७०० किलोमीटर जाण्याची तयारी ठेवावी लागते. रोजचे सरासरी अंतर झाले एक हजार मैल, अर्थात १६०९ किलोमीटर.

पण ही कोण आधी पोहोचतो याची शर्यत नव्हे. स्वारांना दूरदूरच्या ठिकाणांची यादी मिळते. प्रत्येक ठिकाणाला काही गुण असतात. कोठे जायचे, काय सोडायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. तेथे पोहोचल्याचा पुरावा म्हणून आपला क्रमांक असलेले निशाण धरून छायाचित्र काढायचे, आणि नेमलेल्या वेळेत तपासणी-नाक्यावर हजर व्हायचे. उशीर झाला की गुण कापले जातात.

ज्यांना एवढा पल्ला झेपत नाही, त्यांच्यासाठी हीच संस्था 'सॅडलसोअर १०००' या नावाने प्रमाणपत्र देते. चोवीस तासांत एक हजार मैल ही त्याची अट. पुरावा म्हणून पेट्रोलच्या पावत्या लागतात, कारण त्यांवर ठिकाण आणि वेळ दोन्ही छापलेली असतात. भारतातील अनेक स्वारांनीही हे प्रमाणपत्र मिळविले आहे. माझ्या विद्यार्थ्यांच्या डोक्यात हेच घोळत होते.

थांब्यांचे गणित

पावत्यांवरून अंतर-कालाचा आलेख काढला, तर गाडी चालत असताना रेषा चढत जाते आणि थांब्यावर आडवी होते. चढाचा उतार म्हणजे गाडीचा वेग. पण एकूण सरासरी वेग काढताना आडव्या रेषांचा वेळही हिशेबात धरावाच लागतो.

रॅलीतील एक दिवस घेऊ. १६०९ किलोमीटर जायचे आहे. सहा तास झोप धरली आणि पेट्रोलसाठी प्रत्येकी बारा मिनिटांचे पाच थांबे, म्हणजे एक तास धरला, तर चालविण्यासाठी सतरा तास उरतात. १६०९ भागिले १७, म्हणजे ताशी सुमारे ९५ किलोमीटर. अमेरिकेतील महामार्गांवर बऱ्याच ठिकाणी ताशी ७० मैल (सुमारे ११३ किलोमीटर) किंवा त्याहून अधिक वेगमर्यादा असल्याने, कायदा न मोडता हे जमू शकते.

आता समजा, आपला स्वार गप्पिष्ट आहे. पेट्रोल भरले, चहा घेतला, हातमोजे शोधले, आणि प्रत्येक थांबा बाराऐवजी छत्तीस मिनिटांचा झाला. पाच थांब्यांना तीन तास लागले. चालविण्यासाठी पंधराच तास उरले. आता वेग हवा ताशी १०७! म्हणजे थांब्यावर वाया गेलेले दोन तास भरून काढण्यासाठी, पुढचे पंधरा तास ताशी बारा किलोमीटर अधिक वेगाने जावे लागेल. म्हणून अनुभवी स्वार वेग वाढविण्यापेक्षा रेंगाळणे कमी करतात.

हवा आपला कर वसूल करते

बारा किलोमीटरने काय बिघडते, असे तुम्ही विचाराल. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वरील दोन वेगांचे गुणोत्तर १७ : १५ आहे. त्याचा वर्ग केला तर सुमारे १.२८ येतो. म्हणजे वेग १३ टक्क्यांनी वाढविला, तर रोध २८ टक्क्यांनी वाढला. रोधाविरुद्ध लागणारी शक्ती तर वेगाच्या घनाप्रमाणे, म्हणजे सुमारे ४६ टक्क्यांनी वाढते. साहजिकच दर किलोमीटरला पेट्रोल अधिक जळते, टाकी लवकर रिकामी होते आणि आणखी एक थांबा घ्यावा लागतो. घाईने मिळविलेला वेळ असा पुन्हा पेट्रोलपंपावर खर्च होतो.

थांबे कमी व्हावेत म्हणून काही स्वार गाडीला जादा टाकी बसवितात. पण त्यालाही रॅलीत मर्यादा आहे : सर्व मिळून ११.५ अमेरिकी गॅलन, म्हणजे सुमारे ४३.५ लिटर.

हवा आणखी एका मार्गाने स्वाराला छळते. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश सेल्सियस असते. हवा त्याहून थंड असेल तर वारा शरीरातील उष्णता काढून नेतो. पण वाळवंटात हवाच ४२ अंश असली, तर तोच वारा शरीराला उष्णता देऊ लागतो. मग भरवसा फक्त घामाचा. एक लिटर घामाचे बाष्पीभवन होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. मात्र जोराच्या वाऱ्यात घाम इतक्या झटपट उडून जातो की तो आल्याचे कळतच नाही, आणि शरीरातील पाणी गुपचूप कमी होत राहते. म्हणून जाणकार स्वार भर उन्हातही जाकीट अंगावर ठेवतात आणि तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी पितात.

सतरावा तास

आता माझ्या विद्यार्थ्यांच्या बेताकडे वळू. आपल्याकडे चारपदरी महामार्गावर दुचाकीसाठी कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. वाटेतील गावे, वळणे, ट्रकांच्या रांगा सगळे विसरून गाडी अखंड ८० ने चालली असे मानले, तरी १६८० किलोमीटरना २१ तास लागतात. थांब्यांचा एक तास मिळवला की झाले २२. निघण्यापूर्वी तासभर आधी उठलेच असणार. म्हणजे पुण्यात परत पोहोचताना स्वार २३ तास जागा असेल. झोपेसाठी या गणितात जागाच नाही.

१९९७ साली डॉसन आणि रीड या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसांची हात आणि डोळे यांचा मेळ घालण्याची क्षमता, रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसांइतकी खालावलेली आढळली. २४ तासांनंतर ती सुमारे ०.१ टक्के मद्यार्काइतकी घसरली. आपल्या कायद्याने वाहनचालकाला मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. थोडक्यात, दारूच्या थेंबालाही न शिवलेला हा स्वार शेवटचे सहा तास मद्यपी चालकासारखा असेल. सहा तासांत सुमारे साडेचारशे किलोमीटर होतात. म्हणजे हुबळी-धारवाडपासून थेट पुण्यापर्यंत, आणि तेही बहुधा अंधारात!

वेग ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. सावध चालकाला धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद लागतो असे धरा. गाडी तेवढ्यात २२ मीटर पुढे जाते. ब्रेकमुळे दर सेकंदाला वेग ६ मीटर प्रति सेकंद या दराने कमी होत असेल, तर गाडी थांबायला आणखी सुमारे ४१ मीटर लागतात. एकूण झाले ६३ मीटर. थकव्यामुळे प्रतिक्रियेला दोन सेकंद लागले, तर ८५ मीटर. आणि तीन सेकंद डुलकी लागली, तर ६६ मीटर अंतर गाडी आंधळेपणाने कापते. ब्रेक कितीही उत्तम असला, तरी तो झोपलेल्याच्या उपयोगाचा नाही.

आयर्न बट रॅलीत विश्रांतीची नोंद दाखविणाऱ्यालाही गुण मिळतात, यामागचे कारण आता ध्यानात आले असेल. थांबा आणि विश्रांती या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. थांब्यावरची मिनिटे वाचवायची ती झोपेसाठी. झोपेतून मिनिटे चोरून अंतर वाढवायचे नाही. पूर्वीच्या घोडेस्वाराची मांड पक्की असावी लागे. या स्वारांचे हिशेबही तितकेच पक्के असावे लागतात.

करून पाहा

मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला उभी धरायला सांगा. तुमची बोटे शून्याच्या खुणेशी, पट्टीला न लागता ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडली की ती पकडा. १५ सेंटिमीटरवर पकडली, तर तुमचा प्रतिक्रियाकाल सुमारे ०.१७ सेकंद, ३० वर पकडली, तर सुमारे ०.२५ सेकंद. (मुक्तपतनाच्या सूत्रावरून हे स्वतः पडताळा.) सकाळी दहा वेळा आणि रात्री झोपण्यापूर्वी दहा वेळा प्रयोग करून सरासरी काढा. ताशी ८० वेगाच्या गाडीने दोन्ही काळांत किती मीटर अंतर तोडले असते, तेही लिहा.

माझ्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग वसतिगृहात केला, तोही रात्री दोन वाजता. दुसऱ्या दिवशी आकड्यांचा कागद माझ्या टेबलावर आला. खाली एकाने लिहिले होते : "सर, बंगळूरला जाणार आहोत. पण चार दिवसांत."