पाठ १४ वा : मालवणात जावे-यावे कसे

मालवण हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील समुद्रकाठचे लहान शहर. तालुक्याचे गाव आहे. कचेरी, बाजार, मासळीचा लिलाव, मोठे बंदर, सारे इथे आहे. पण रेल्वे नाही. रेल्वे लागते ती कुडाळला, नाहीतर कणकवलीला. कोकण रेल्वे १९९८ साली पुरी सुरू झाली. तरी मालवणच्या माणसाला आजही आधी एस.टी. किंवा रिक्षा धरावी लागते. मग पुढे मुंबई.

म्हणून आपण आधी एस.टी. शिकू.

एस.टी. स्टँडवर गेलात की गाडीच्या कपाळावरची पाटी पाहा. मोठ्या अक्षरांत दोन गावे असतात. गाडी कुठून निघाली आणि कुठे जाणार. हे आपल्यापैकी बहुतेकांना आता वाचता येते. पण कित्येक पाट्यांवर आणखी एक शब्द असतो, बारीक अक्षरांत. तो शब्द म्हणजे 'मार्गे'. 'मार्गे' म्हणजे कोणत्या रस्त्याने. हा शब्द वाचल्याशिवाय गाडीत पाय ठेवू नये.

मालवणहून कुडाळला जायला दोन रस्ते आहेत. एक चौके, धामापूर करून जातो. दुसरा कट्टा, कसाल करून जातो आणि मग मोठ्या हमरस्त्याला लागून ओरोसवरून कुडाळला पोचतो. दोन्ही गाड्यांवर 'मालवण - कुडाळ' असेच लिहिलेले असणार.

एका काकीची हकीकत सांगतो. तिची सून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात होती. काकीने पहाटे उठून पेज केली, डबा भरला आणि स्टँडवर आली. पाटी तिने स्वतः वाचली. मालवण, कुडाळ. ओरोस कुडाळच्या वाटेवरच, असे तिला माहीत होते. ती चढून बसली. गाडी चौक्याच्या पुढे गेली तेव्हा तिने ओरोसचे तिकीट मागितले. (तिकीट उशिरा निघाले, कारण गाडीत गर्दी होती.)

वाहक म्हणाला, "काकी, ही गाडी धामापुरासून जाता. ओरोस लागाचा नाय."

"आता मी काय करू रे पुता? सून वाट बघता."

वाहक भला माणूस होता. त्याने तिला कुडाळच्या स्टँडवर उतरवून कणकवलीकडे जाणारी गाडी दाखवून दिली. काकी ओरोसला पोचली, पण दोन तास उशिरा. पेज गार झाली होती. भाडेही जास्तीचे गेले. काकीला वाचता येत नव्हते असे नाही. तिने वरची ओळ वाचली आणि खालची सोडली.

आता वेळ. स्टँडवर भिंतीला वेळापत्रक असते. त्यात दुपारनंतरचे आकडे आपल्या बोलण्यातल्यासारखे नसतात. दुपारचा १ म्हणजे तिथे १३. संध्याकाळचे साडेपाच म्हणजे १७.३०. हिशेब सोपा आहे. आकडा १२ पेक्षा मोठा असेल तर त्यातून १२ वजा करा. १९.१५ मधून १२ गेले, राहिले ७.१५. म्हणजे संध्याकाळी सव्वासात. ज्याला हा हिशेब येतो त्याची शेवटची गाडी सहसा चुकत नाही. शेवटची गाडी चुकली तर काय होते, हे खेड्यातल्या माणसाला मी सांगायला नको.

काही गावांना 'वस्तीची गाडी' असते. ती रात्री गावात जाते, तिथेच मुक्काम करते आणि पहाटे परत निघते. ओपीडीचा केसपेपर काढायचा असेल, कोर्टाची तारीख असेल, तर हीच गाडी कामाची. आपल्या गावाला ती आहे काय, हे चौकशीच्या खिडकीवर विचारून ठेवावे. रस्त्यात कुठे कुठे 'विनंती थांबा' अशी पाटी दिसते. तिथे गाडी आपणहून थांबेल असे धरू नका. हात दाखवावा लागतो. आणि गाडी अगदी जवळ आल्यावर हात दाखवून उपयोग नाही. चालकाला लांबून दिसले पाहिजे.

भाड्याची सवलत पुष्कळांना ठाऊक नसते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे भाडे झाले. ७५ वर्षांवरच्या सर्वांना २०२२ च्या ऑगस्टपासून प्रवास फुकट झाला. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे. समजा, पूर्ण तिकीट ४० रुपये आहे. नवरा, बायको आणि आठ वर्षांची मुलगी निघाली. ४० अधिक २० अधिक २०, झाले ८० रुपये. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. गाडी पणजीला जात असेल तर गोव्यातल्या वाटेचे भाडे पूर्ण पडते. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवावे. तिकीट हातात आले की वाचून पाहावे. कुठून, कुठे, किती रुपये, हे त्यावर छापलेले असते. वाचायला लाज कसली? वाहक रागावत नाही.

शहरात फिरायला पाय पुरतात. स्टँडवरून बाजार आणि बंदर चालत गाठता येते. वाटेत 'चिवला वेळ' अशी पाटी दिसेल. ही घड्याळातली वेळ नव्हे. आमच्याकडे समुद्राच्या पुळणीला 'वेळ' म्हणतात. बाहेरगावचे शिकलेले लोकही इथे अडखळतात!

तारकर्ली आणि देवबागला एस.टी. जाते, रिक्षाही जाते. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. रस्ता एकच. जाल त्याच रस्त्याने परत यायचे. म्हणून जातानाच परतीच्या गाडीची वेळ विचारून घ्यावी. रिक्षात बसण्याआधी "सीटवर की स्पेशल?" असे विचारा. सीटवर म्हणजे माणशी भाडे. स्पेशल म्हणजे सगळी रिक्षा आपली आणि भाडेही सगळे आपले. हे बसण्याआधी ठरले म्हणजे उतरताना तंटा होत नाही.

बंदरावरून सिंधुदुर्ग किल्ल्याला होड्या जातात. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचे काम सुरू केले. भर समुद्रात असून आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशी त्यांची नावे. होडी किती वाजता परत नेणार ते चढतानाच पक्के करावे. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते.

होडीत जीवरक्षक जाकीट मागून घ्या आणि बंद लावून घाला. नुसते मांडीवर ठेवू नका. माणसे जास्त झाली असे वाटले तर उतरा, पुढच्या होडीने जा. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटली आणि दोन माणसे दगावली. आपण समुद्राकाठचे, पोहणारे, असे म्हणून जाकीट टाळणारे पुष्कळ आहेत. पण कडेवरच्या मुलाला पोहता येत नसते.

आता ही पाटी मोठ्याने वाचा :

मालवण - कणकवली
मार्गे कट्टा, कसाल
सुटण्याची वेळ १४.४५

तुम्हाला धामापूरला उतरायचे आहे. या गाडीत बसाल काय? गाडी दुपारी किती वाजता सुटेल? शेजाऱ्याला न विचारता उत्तर वहीत लिहा.