पोटातले पाणी आणि लघवीची गोळी

सिरॉसिसमध्ये यकृत कडक होते आणि आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताची वाट अडते. पोटातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त तिथेच रेंगाळते. अंगात पाणी भरपूर असूनही मूत्रपिंडाला रक्त कमी पडते आणि ते मीठ धरून ठेवते. मिठामागे पाणी येते, पोट फुगते. हाच जलोदर.

म्हणून पथ्य आधी मिठाचे : दिवसभरात सगळे मिळून सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा. सांगलीचे भडंग, पापड, लोणचे आणि ठेचा यांतच तो संपतो. ‘लो सोडियम’ मीठ मात्र या रुग्णांनी घेऊ नये. त्यात पोटॅशियम असते आणि स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची मुख्य गोळीही पोटॅशियम वाढवते. शहाळ्याच्या पाण्याबाबतही हीच खबरदारी.

स्पायरोनोलॅक्टोन बहुधा १०० मिलिग्रॅमपासून सुरू होते, अनेकदा सोबत फ्युरोसेमाइड ४०. उतावीळपणा इथेच नडतो. पोटातले पाणी रक्तात परतण्याचा वेग मर्यादित असतो. गोळीने त्याहून जास्त लघवी झाली, तर ते पाणी पोटातून न जाता रक्तातूनच जाते आणि मूत्रपिंड कोरडे पडते. म्हणून पायांवर सूज नसेल तर वजन दिवसाला अर्ध्या किलोहून जास्त उतरू नये. सूज असेल तर एक किलोपर्यंत चालते. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी केलेले वजन वहीत लिहिलेले असले, तर डॉक्टरांना डोस ठरवणे सोपे जाते.

डोस बदलल्यावर क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम तपासणे टाळू नये. सोडियम १२५ च्या खाली गेले, क्रिएटिनिन चढले, रुग्ण बरळू लागला किंवा लघवी घटली, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. जुलाब-उलट्या झाल्या तरी तसेच. जत, आटपाडी, माण, खटावच्या उन्हाळ्यात अंगातले पाणी घटून मूत्रपिंड कोरडे पडण्याचा धोका आणखी वाढतो. ऊसतोडीने किंवा द्राक्षबागेतल्या कामाने कंबर धरली, की दुकानातून डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेतली जाते. या रुग्णांच्या मूत्रपिंडाला ती गोळी फार घातक. ताप किंवा पोटदुखी असेल तर पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला आहे का, हे आधी पाहावे लागते.

गोळ्या पुरेनाशा झाल्या तर सुईने पाणी काढतात. एका वेळी ५ लिटरहून जास्त काढले, तर दर लिटरमागे सुमारे ८ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून देतात. त्यात काटकसर केली, तर मूत्रपिंडावरच ताण येतो. अशा टप्प्यावर यकृत प्रत्यारोपणाचा सल्ला लवकर घ्यावा.