दाखलांक आणि ग्रंथ

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मेहकर तालुक्यातील एका छोट्या वाचनालयाची देवघेव मी संगणकावर आणली. कला शाखेच्या विद्यार्थ्याने जावा भाषेत प्रोग्रॅम लिहिला याचे गावात कौतुक झाले. पहिल्या पन्नास-साठ सभासदांच्या नोंदी घालून पाहिल्या, सारे चोख. पुढे १३१ क्रमांकाच्या सभासद आजोबांनी पुस्तक परत केले, पण यंत्र ते जमा करून घेईना. नावावर बाकी दिसते म्हणून त्यांना दुसरे पुस्तक मिळेना. "अरे बाबू, तुझ्याच हातात दिलं ना मी!" एवढेच ते म्हणाले. मी ओशाळलो, कारण पहिली शंका मी त्यांच्यावरच घेतली होती.

चूक माझी होती. जावात 'इंट', 'डबल', 'बूलियन' असे आठ मूळ प्रकार आहेत. त्यांच्या चलात प्रत्यक्ष मूल्यच असते. बाकीचे सारे संदर्भप्रकार. त्यांच्या चलात वस्तू नसते, वस्तूकडे नेणारा संदर्भ असतो. एकाच कादंबरीच्या दोन प्रती घ्या: मजकूर तोच, दाखलांक निराळे. == हे चिन्ह मूळ प्रकारांत मूल्ये जुळवते; दोन्हीकडे संदर्भ असले की मात्र 'ही तीच प्रत आहे काय?' एवढेच विचारते. मजकूर जुळवायचा तर 'इक्वल्स' वापरावे लागते.

जावाच्या याद्यांत मूळ प्रकार ठेवता येत नाहीत, म्हणून सभासद क्रमांक मी 'इंटीजर' या संदर्भप्रकारात ठेवले, आणि जमा करताना दोन इंटीजर == ने जुळवले. मग पहिले सभासद जुळले कसे? -१२८ ते १२७ या संख्यांच्या वस्तू जावा आधीच करून ठेवते आणि दरवेळी तीच प्रत पुढे करते. १२८ पासून सहसा नवी प्रत निघते. म्हणजे १२७ सभासदांपर्यंत माझी चूक झाकून राहिली! पहिल्याच दिवशी उघडी पडती तर बरे झाले असते.

असो. एका ओळीत == च्या जागी 'इक्वल्स' आले, आजोबांची बाकी निघाली आणि त्यांनी त्याच संध्याकाळी दुसरे पुस्तक नेले.

पत्त्यांची यादी मात्र अजून अडते आहे. कोणी जिल्हा 'बुलडाणा' लिहितो, कोणी 'बुलढाणा'. 'इक्वल्स' अक्षरे पाहते; तिच्या लेखी हे दोन जिल्हे. त्या नोंदी मी हाताने जुळवीत बसलो आहे.