रिपोर्टातला लाल आकडा
कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझं युरिक अ‍ॅसिड ८.१ आलं. सांधा कधी दुखला नव्हता, मुतखडाही नाही. तरी रिपोर्ट बघून एका डॉक्टरांनी ते उतरवणारं फेबुक्सोस्टॅट लिहून दिलं आणि ‘आता कायम घ्यायची’ म्हणाले. घरी तूरडाळ नि पालकावर संक्रांत आली, ती उगाच. युरिक अ‍ॅसिड वाढलं तर खरी पथ्यं कलेजी, कोळंबी, बिअर आणि गोड कोल्ड्रिंक्सची.

महिना व्हायच्या आत पायाचा अंगठा असा सुजला की पांघरूण टेकलेलं सोसेना. औषध घेतल्यावर आजार उपटला! संधिवाततज्ज्ञ बाईंनी उलगडा केला. युरिक अ‍ॅसिड झपाट्यानं उतरलं की सांध्यात साचलेले स्फटिक सुटू लागतात आणि गाऊटचा झटका येतो. म्हणून सुरुवातीचे तीन ते सहा महिने सोबत थोडं कोल्चिसिन देतात. मला ते कुणी दिलंच नव्हतं. मग त्यांनी माझ्या बाकीच्या गोळ्या बघितल्या. रक्तदाबासाठी चालू असलेली लघवी वाढवणारी गोळीच युरिक अ‍ॅसिड चढवणारी निघाली. तिच्या जागी त्यांनी लोसार्टन दिलं. ते उलट थोडं उतरवतं.

नुसत्या आकड्यासाठी औषध सुरू करू नये, असाच अमेरिकन कॉलेज ऑफ रूमेटॉलॉजीचा २०२० चा सल्ला आहे. ‘किडनी वाचेल, हृदय वाचेल’ हे आपण सर्रास ऐकतो. पण युरिक अ‍ॅसिड उतरवणाऱ्याच अ‍ॅलोप्युरिनॉल या दुसऱ्या औषधानं किडनीचा ऱ्हास मंदावत नाही असं २०२० मध्ये दोन चाचण्यांत दिसलं, आणि २०२२ च्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत हृदयरोग्यांनाही फायदा झाला नाही. जोखीम मात्र खरी असते. अ‍ॅलोप्युरिनॉलनं क्वचित जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी होते. अंगावर पुरळ दिसताच गोळी थांबवून डॉक्टरांकडे धावायचं. फेबुक्सोस्टॅटवर अमेरिकेनं २०१९ मध्ये हृदयविकाराच्या मृत्यूचा इशारा छापायला लावला. पुढच्या युरोपीय चाचणीत तो धोका दिसला नाही, तरी हृदयरोग असेल तर आधी सांगावं.

माझ्या थोरल्या भावाची गोष्ट निराळी. वर्षातून अनेक झटके, कोपरावर गाठी. त्याला गोळी हवीच, आणि आकडा ६ च्या खाली राहायला हवा. दुखणं थांबलं की तो ती सोडतो आणि मग वेदनाशामक गोळ्या खातो. किडनीला खरा धोका त्या गोळ्यांचा.

माझं फेबुक्सोस्टॅट सध्या बंद आहे. झटके पुन्हा येऊ लागले तर कोल्चिसिनच्या सोबतीनं कमी मात्रेपासून औषध सुरू करायचं, असं बाईंशी ठरलंय.