पोळ्यांच्या फॉइलचं मिग

नाशिकजवळच्या ओझरला 1964 साली मिगचा कारखाना उभा राहिला. मिग-21च्या सुरुवातीच्या एफएल जातीची विमानं उघड्या पत्र्याच्या चंदेरी रूपात उडत. हिरवे-करडे पट्टे नंतर आले. 26 सप्टेंबर 2025ला मिग-21 निवृत्त झालं. आता त्याचं प्लास्टिकचं मॉडेल जोडून कपाटात ठेवावं असं वाटणं साहजिक आहे. पण जांब समर्थसारख्या गावात चंदेरी रंग म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातला, लोखंडी फाटकाला मारतात तो. त्याने विमान फाटकासारखंच दिसतं, आणि दोष डब्याला जातो. माझ्या मते दोष डब्याचा कमी, डब्याआधीच्या कामाचा जास्त. महागडा रंग मागवूनही फसगत होते ती त्यामुळेच.

चंदेरी रंगात अॅल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात. खालचा पृष्ठभाग जसा असेल तशा त्या आडव्या पसरतात, म्हणून साध्या करड्या रंगाखाली दडणारा ओरखडा चंदेरीखाली उठून दिसतो. 1/72 मापाच्या मॉडेलवर रंगाचा दशांश मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या विमानावर सात मिलिमीटरचा गिलावा! तेव्हा सांधे भरा, पॉलिश पेपर पाण्यात बुडवून 400 नंबरपासून 2000पर्यंत चढत जा, वर चकचकीत काळा रंग द्या, तो पूर्ण वाळू द्या आणि मगच चंदेरीचे विरळ हात मारा. एनसी थिनरपासून मात्र जपा. तो प्लास्टिकच विरघळवतो. आपल्याकडे उन्हाळ्यात उडणारी धूळ ओल्या काळ्या रंगावर बसली, तर सगळं पुन्हा घासावं लागतं. वाळताना वर एखादं खोकं पालथं घाला.

कोणी म्हणेल, पंखांची रुंदी जेमतेम दहा सेंटिमीटर, त्यात इतकं कोण बघतं? वेगवेगळ्या छटा डोळा मोजत नाही हे खरं, पण सगळीकडे एकच छटा असली की ती त्याला लगेच खटकते. पंचधातूची कोणतीही जुनी मूर्ती आठवा. खोबणीत काळपट, उंचवट्यावर उजळ. विमानाचंही तसंच असतं. शेपटीकडे, इंजिनाच्या झोताजवळ, उष्णता सोसणारा वेगळा पत्रा असतो, आणि तो तापून गडद, पिवळट-निळसर होतो.

या छटा स्वस्तात मिळवायच्या तर पोळ्या गुंडाळायची फॉइल घ्या. तिची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. 72ने गुणा, पाऊण मिलिमीटर होते. खऱ्या पत्र्याच्या जवळ जाणारं हे माप रंगाच्या डब्यातून सहसा हाती येत नाही. एक बाजू चमकदार, दुसरी मंद, त्यामुळे शेजारच्या तुकड्यांत फरक आपोआप पडतो. पातळ डिंकाने चिकटवा, कापसाच्या काडीने दाबत न्या, रेषेवर ब्लेड फिरवा. गोलाईवर सुरकुत्या पडतात ही तक्रार रास्त आहे, पण ती मोठा तुकडा एकदम ताणणाऱ्याची. कारखान्यातही विमान अखंड पत्र्यात गुंडाळत नाहीत, तुकडे रिव्हेटने जोडतात. नाकाचा शंकू मात्र मढवू नका. त्याच्या आत रडार असतं, आणि लहरी आरपार जाव्यात म्हणून मूळ विमानातही तो धातूचा नसतो.